उझबेक रूममेट मिळाली तर: सोलमधल्या होस्टेलचा अनुभव

दक्षिण कोरियात शिकायला येणाऱ्या मुलींनो, होस्टेलवर उझबेक मुलगी शेजारी येण्याची शक्यता बरीच आहे. माझ्या मजल्यावर तिघी होत्या: ताश्कंदची, बुखाऱ्याची आणि खोरेझमची.

पहिली गोष्ट, "तू रशियन का?" असं विचारू नका. उझबेकिस्तान 1991 मध्ये सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाला, पण रशियन माध्यमाच्या शाळा अजून आहेत. ताश्कंदची त्यातलीच. बुखाऱ्याची घरी ताजिक बोलायची आणि खोरेझमची बोली ऐकून बाकीच्या दोघी हसायच्या. मायदेशी या फरकांना फार महत्त्व. इथे मात्र जो तो देश विचारतो, मग तिघींच्याही तोंडी एकच उत्तर येतं. ताश्कंदच्या मुलीने उझबेक पुस्तकं आवडीने वाचायला सुरुवात केली ती सोलमध्ये. आईचा मेसेज सिरिलिक, म्हणजे रशियनच्या लिपीत यायचा, ही लॅटिनमध्ये उत्तर द्यायची. लॅटिन लिपीचा कायदा 1993 चा, आईची शाळा त्याआधीची.

नवरोजला, म्हणजे 21 मार्चच्या सुमारास येणाऱ्या नववर्षाच्या सणाला, त्यांनी सुमलक केलं. मोड आलेल्या गव्हाचा रस, पीठ आणि तेल. साखर अजिबात नाही, तरी गोड लागतं. बुडाशी लागू नये म्हणून भांड्यात धुतलेले खडे टाकतात आणि बायका रात्रभर आळीपाळीने ढवळतात. घरी हे काम आजी-काकूंचं. इथे फोनवर विचारत विचारत तिघींनी ते निभावलं. आपण परदेशात पहिल्यांदा पुरणपोळी करतो तेव्हा अशीच धांदल उडते.

सण सोपा, लग्नाचा विषय अवघड. नव्या सुनेने, म्हणजे केलिनने, पहाटे उठून अंगण झाडायचं, सासरच्यांना वाकून सलाम करायचा ही रीत अनेक घरांत आहे. खोरेझमची अतलस या रेशमी कापडाचा रंगीत झगा हौसेने घालायची, पण पहाटेच्या झाडूचं बंधन तिला नको होतं. त्यामुळे आपण कमी उझबेक ठरतो, हे तिला मुळीच मान्य नव्हतं. मला तिचं म्हणणं पटतं. कुठली रीत ठेवायची आणि कुठली सोडायची, याचा शांतपणे विचार करायला अंतर लागतं, आणि ते या मुलींना शिक्षणामुळे मिळतं.

बाबराचा विषय निघाला तर आधी ऐकून घ्या. तो 1483 मध्ये अंदिजानला जन्मला. त्यांच्यासाठी तो आधी कवी आहे. सोलमधल्या दोंगदेमुन भागातल्या मध्य आशियाई गल्लीत त्यांच्यासोबत जेवायला जरूर जा, फक्त टेबलावरची रोटी पालथी ठेवू नका. आणि "शिकून परत जाणार का?" हा प्रश्न ओळख नीट होईपर्यंत टाळा. घरून तो रोजच विचारला जातो.