पाउलिस्ताचा हंगाम वाचायचा कसा : 2024 चा गुणतक्ता समोर ठेवून

ब्राझीलच्या फुटबॉलमध्ये वर्षाची सुरुवात राष्ट्रीय लीगने होत नाही. जानेवारीत बहुतेक राज्यांच्या आपापल्या स्पर्धा सुरू होतात आणि त्यात सर्वांत जुनी म्हणजे साओ पाउलो राज्याची 'पाउलिस्ता', 1902 पासूनची. लोक तिला लाडाने 'पाउलिस्तांव' म्हणतात. तिचा 2025 पर्यंतचा गुणतक्ता पहिल्यांदा पाहणारा हमखास गोंधळतो. चार गट दिसतात, पण गटातले संघ एकमेकांशी खेळतच नाहीत. कमी गुणांचा संघ पुढे जातो, जास्त गुणांचा घरी जातो. हे चुकून होत नाही, नियमच तसा होता. तो एकदा हातात आला की अख्खा हंगाम कागदाच्या एका पानावर मावतो. इथे 20 जानेवारी ते 7 एप्रिल 2024 हा हंगाम उदाहरणाला घेतला आहे.

आधी कागद आखा

सोळा संघ, चार गट, प्रत्येकी चार संघ. 2024 मध्ये गट असे होते. अ : सांतोस, पोर्तुगेझा, इतुआनो, सांतो आंद्रे. ब : पालमेइरास, पोन्ते प्रेता, आग्वा सांता, ग्वारानी. क : ब्रागान्तिनो, इंतेर दे लिमेरा, कोरिंथियन्स, मिरासोल. ड : साओ पाउलो, नोव्होरिझोन्तिनो, साओ बेर्नार्दो, बोताफोगो.

चार मोठे क्लब, म्हणजे कोरिंथियन्स, पालमेइरास, सांतोस आणि साओ पाउलो, एकेका गटात वाटून दिलेले असतात. आपल्याला वाटतं, बड्या संघांची सुरुवातीला गाठ पडू नये म्हणून ही वाटणी. घडतं नेमकं उलट. प्रत्येक संघ इतर तीन गटांतल्या बारा संघांशी एकेकदा खेळतो, सहा सामने घरी आणि सहा बाहेर. म्हणजे चारही बडे संघ साखळीतच एकमेकांना भिडतात. सहा मोठ्या लढती ठरलेल्याच, आणि प्रत्येकीला स्वतःचं नाव आहे. कोरिंथियन्स-पालमेइरास म्हणजे 'डर्बी', कोरिंथियन्स-साओ पाउलो 'माजेस्तोझो', पालमेइरास-साओ पाउलो 'शोकी-रेइ', सांतोस-साओ पाउलो 'सान-साओ', कोरिंथियन्स-सांतोस 'आल्व्हिनेग्रो', पालमेइरास-सांतोस 'सौदाजी'. कार्यक्रमपत्रिका हाती आली की पहिल्यांदा या सहा तारखांवर खूण करा. 30 जानेवारी 2024 चा माजेस्तोझो घ्या. कोरिंथियन्सच्या इताकेराच्या मैदानावर साओ पाउलो 2014 पासून एकदाही जिंकला नव्हता. त्या रात्री तो 2-1 असा जिंकला. गुण तीनच मिळाले, पण साओ पाउलोच्या चाहत्यांना त्या रात्रीचं मोल विचारून पाहावं.

नावांत दोन-तीन खड्डे आहेत, ते आधीच बुजवून टाका. साओ पाउलो हे राज्य आहे, शहर आहे आणि क्लबही आहे. बातमीत कशाबद्दल बोलणं चाललंय ते मागचापुढचा संदर्भ पाहून ठरवा. या तक्त्यातला बोताफोगो रिबेराओ प्रेतो शहरातला. रिओचा प्रसिद्ध बोताफोगो वेगळा, तो या स्पर्धेत खेळूच शकत नाही. आणि जुन्या याद्यांत 'पालेस्त्रा इतालिया' दिसलं तर ते पालमेइरासच. नाव 1942 मध्ये बदललं.

तक्त्याचे रकाने

पोर्तुगीज तक्त्यातली अक्षरं इंग्रजी समजून वाचली की सगळं उलटं होतं. 'पी' गुण, 'जे' खेळलेले सामने, 'व्ही' विजय. इथपर्यंत ठीक. पुढे 'ई' म्हणजे 'एम्पाती', बरोबरी. आणि 'डी' म्हणजे 'देरोता', पराभव. इंग्रजी तक्त्यांची सवय असलेला माणूस 'डी'ला बरोबरी धरतो, आणि पाच सामने हरलेला संघ त्याला पाच बरोबरीत सोडवलेला दिसतो. 'जीपी' केलेले गोल, 'जीसी' खाल्लेले, 'एसजी' गोलफरक. टक्केवारीचा रकाना म्हणजे मिळू शकणाऱ्या गुणांपैकी किती मिळवले. बारा सामन्यांत 36 पैकी 18 गुण असतील तर 50 टक्के.

समान गुण झाले तर पहिली कसोटी गोलफरकाची नाही. आधी विजयांची संख्या, मग गोलफरक, मग केलेले गोल, त्यानंतर कमी लाल कार्डं, कमी पिवळी कार्डं, आणि शेवटी सोडत. समजा दोन संघांचे 21 गुण आहेत. एकाचे सात विजय आणि पाच पराभव, दुसऱ्याचे सहा विजय, तीन बरोबरी, तीन पराभव. दुसऱ्याचा गोलफरक कितीही चांगला असला तरी पहिला वर. म्हणून शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत बरोबरीवर समाधान मानणारा संघ पुढे अडकतो. हिशेब करताना गुणांच्या शेजारीच विजयांचा रकाना लिहा, गोलफरक त्याच्यानंतर.

एक नाही, दोन तक्ते

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. चार गटांचे चार छोटे तक्ते ठेवाच, पण शेजारी सोळाही संघांचा एक सलग तक्ताही मांडा. दोघांची कामं वेगळी आहेत. उपांत्यपूर्व फेरीत कोण जाणार हे गट ठरवतो, प्रत्येक गटातले पहिले दोन. खालच्या श्रेणीत कोण जाणार हे सलग तक्ता ठरवतो, सोळांतले शेवटचे दोन, मग ते कुठल्याही गटातले असोत. उपांत्य फेरीत कोण कोणाशी, तिथून पुढे घरचं मैदान कोणाला, हेही सलग तक्त्यावरूनच.

2024 चा गट 'अ' पाहा. सलग तक्त्यात तळाला गेलेले दोघे, इतुआनो आणि सांतो आंद्रे, दोघेही याच गटातले. गटात संघ चार, त्यातले दोन तळाला, म्हणजे उरलेले दोन आपोआप पुढे. सांतोस तर भक्कम होताच, पण पोर्तुगेझाही उपांत्यपूर्व फेरीत पोचला. त्याच वेळी गट 'ड'मध्ये साओ बेर्नार्दोचे गुण पोर्तुगेझापेक्षा कितीतरी जास्त होते. पण साओ पाउलो आणि नोव्होरिझोन्तिनो त्याच्या पुढे राहिले आणि त्याचा हंगाम साखळीतच संपला. गट 'क'मधून कोरिंथियन्सही असाच साखळीत बाहेर पडला. 2023 मध्येही खाली गेलेले साओ बेंतो आणि फेरोव्हियारिया एकाच गटातले होते, कोरिंथियन्स आणि इतुआनोच्या. म्हणून सलग तक्ता आणि गट शेजारी ठेवल्याशिवाय 'हा संघ सुरक्षित' असं लिहू नका. अशा गटातल्या मधल्या संघाला शेवटच्या फेरीत एकाच वेळी वर जायची आशा असते आणि खाली घसरायची भीतीही. त्याचा प्रशिक्षक दोन्ही तक्ते बघत असतो, आपणही बघावे.

ही पद्धत न्याय्य आहे का? आमच्या मते नाही. बारा सामने खेळून जास्त गुण मिळवणाऱ्याला केवळ गट कठीण लागला म्हणून घरी पाठवणं खटकतं. पण नियम सर्वांना आधी माहीत असतो, त्यामुळे निकालाला नावं ठेवून उपयोग नाही.

तक्ता बरोबर उतरवला का, ते तपासा

हाताने तक्ता भरताना चुका होतात. त्या पकडायचे सोपे उपाय आहेत, पण ते गटाला लावू नका. नेहमीच्या गटात एकाचा विजय हा त्याच गटातल्या दुसऱ्याचा पराभव असतो. इथे तो दुसऱ्या गटात जाऊन पडतो. त्यामुळे एखाद्या गटात विजयांची बेरीज 24 आणि पराभवांची 12 आली तर घाबरायचं कारण नाही. सोळाही संघांवर मात्र विजय आणि पराभव यांची बेरीज सारखी हवी, केलेले आणि खाल्लेले गोल सारखे हवेत, गोलफरकांची बेरीज शून्य यायला हवी आणि बरोबरींच्या रकान्याची बेरीज सम हवी. साखळीत 96 सामने. म्हणून अखेरीस सोळा संघांचे एकूण गुण 288 वजा बरोबरीत सुटलेले सामने इतके भरले पाहिजेत. यातलं काही जुळलं नाही तर शेवटची फेरी पुन्हा उतरवा. बहुतेक वेळा यजमान आणि पाहुणा यांची अदलाबदल झालेली सापडते.

कार्डांचा एक छोटा रकानाही ठेवा. तिसऱ्या पिवळ्या कार्डाला एका सामन्याची बंदी. दोन कार्डं घेतलेल्या खेळाडूला तिकडे 'पेंदुरादो' म्हणतात, टांगलेला. मोठ्या लढतीच्या आधीच्या सामन्यात चांगला मध्यरक्षक अचानक बाकावर दिसला तर दुखापतीची अफवा पसरवण्याआधी हा रकाना पाहा.

बाद फेरी

उपांत्यपूर्व फेरीत गटातला पहिला आपल्याच गटातल्या दुसऱ्याशी खेळतो. साखळीत जे एकमेकांसमोर आलेच नव्हते, त्यांची पहिली भेट थेट बाद सामन्यात. एकच सामना, गटात पहिला आलेल्याच्या घरी. बरोबरी झाली तर जादा वेळ नाही, सरळ पेनल्टी. इथेच बडे संघ अडखळतात. 2024 मध्ये साओ पाउलोने आपल्याच मोरुंबीच्या मैदानावर नोव्होरिझोन्तिनोशी 1-1 अशी बरोबरी केली आणि पेनल्टीत हरला. सांतोस-पोर्तुगेझा 0-0 राहिला, पेनल्टीत सांतोस सुटला. पालमेइरासने मात्र पोन्ते प्रेताला 5-1 असं झोडपलं.

उपांत्य फेरीची जोडी आधी छापलेल्या आराखड्यावरून लावू नका. उरलेल्या चौघांना उपांत्यपूर्व सामन्याचे गुण धरून पुन्हा क्रम द्या, मग पहिला विरुद्ध चौथा आणि दुसरा विरुद्ध तिसरा. पेनल्टीत जिंकलेला सामना या हिशेबात बरोबरीच धरायचा. त्या वर्षी पालमेइरासने नोव्होरिझोन्तिनोला 1-0 आणि सांतोसने ब्रागान्तिनोला 3-1 असं हरवलं. सांतोसचा तो 'घरचा' सामना झाला कोरिंथियन्सच्या मैदानावर. यजमानपद कागदावर असतं, मैदान वेगळं असू शकतं. आदल्या वर्षी आग्वा सांतानेही अंतिम सामन्याचा पहिला टप्पा स्वतःच्या दियादेमात न खेळवता बारुएरीत खेळवला होता. सामना पाहायला जाणार असाल तर संघाचं नाव नाही, मैदानाचं नाव पाहून तिकीट काढा. आणि बड्या चौघांच्या आपसातल्या लढतींत 2016 पासून पाहुण्या चाहत्यांना प्रवेशच नाही. फक्त यजमानांचे चाहते.

अंतिम फेरी दोन टप्प्यांची, दुसरा टप्पा चांगल्या कामगिरीच्या संघाच्या घरी. गोलांची बेरीज करायची, बाहेर केलेल्या गोलाला वेगळं वजन नाही, बेरीज सारखी झाली तर पेनल्टी. पहिल्या टप्प्यावरून विजेता ठरवायची घाई करू नका. 2022 मध्ये पालमेइरास साओ पाउलोकडून 1-3 हरला आणि घरी 4-0 जिंकला. 2023 मध्ये आग्वा सांताकडून 1-2, मग 4-0. 2024 मध्ये 31 मार्चला आपल्या व्हिला बेलमिरो मैदानावर ओतेरोच्या गोलाने सांतोस 1-0 जिंकला. आठवड्याने राफाएल व्हेगाची पेनल्टी आणि आनिबाल मोरेनोचा गोल यांवर पालमेइरासने 2-0 असा सामना काढून करंडक नेला. तीन वर्षं, तीन पहिले पराभव, तीन विजेतेपदं. प्रशिक्षक आबेल फेरेराच्या या संघाचा धीर या स्पर्धेत जितका दिसला तितका क्वचितच कुठे दिसतो. पालमेइरासने सलग तीनदा हे पद जिंकण्याची यापूर्वीची वेळ 1932 ते 1934 ची, पालेस्त्रा इतालिया नावाने.

एक गोष्ट इथे ध्यानात ठेवावी. अंतिम फेरीत पोचलेला सांतोस तेव्हा राष्ट्रीय लीगच्या दुसऱ्या श्रेणीत होता. डिसेंबर 2023 मध्ये तो इतिहासात पहिल्यांदा खाली गेला होता. राज्याची श्रेणी आणि राष्ट्रीय श्रेणी या दोन वेगळ्या शिड्या आहेत. एकीवरून पडलेला दुसरीवर उभा असतो.

भारतातून पाहताना

ब्राझीलने 2019 मध्ये घड्याळ पुढे-मागे करणं सोडलं, त्यामुळे फरक वर्षभर साडेआठ तासांचा. तिकडे दुपारी 4 म्हणजे इकडे रात्री 12:30, संध्याकाळी 6 म्हणजे पहाटे 2:30, रात्री 9:30 म्हणजे सकाळी 6. दुपारी साडेतीनला किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या प्रत्येक सामन्याची तारीख आपल्याकडे बदललेली असते. 7 एप्रिलचा अंतिम सामना आपल्याकडे 8 तारखेलाच दिसला. नोंदवहीत तारीख कायम तिकडचीच लिहा, गजर मात्र इकडच्या वेळेचा लावा. आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्री उशिरा सुरू होणारे सामने आपल्याला सोयीचे, सकाळच्या चहाबरोबर पाहता येतात.

हीच पद्धत शेजारच्या राज्यांना लावताना आधी त्या वर्षीची नियमावली उघडा. मिनास जेराइसच्या स्पर्धेत 2024 मध्ये बारा संघ तीन गटांत होते, तेही दुसऱ्या गटांतल्या आठांशीच खेळले, आणि उपांत्य फेरीत गेले तीन गटविजेते आणि दुसऱ्या क्रमांकांतला सर्वोत्तम एक. तिथेही दोन तक्ते लागतात. रिओत मात्र 2024 मध्ये साखळीला बारा संघांचा एकच सलग तक्ता पुरला. साओ पाउलोचा 2024 चा विजेता 12, 1, 1 आणि 2 असे 16 सामने खेळला. 2026 पासून राष्ट्रीय महासंघाने राज्यस्पर्धांना 16 ऐवजी 11 तारखा दिल्या आहेत. तेव्हा वर आखलेला कागद 2024 साठी आणि तशाच नियमांच्या आधीच्या हंगामांसाठी वापरा, 2026 पासून पुढच्या हंगामांना कोरा कागद घ्या.