कयाकवर फिश फाइंडरची बॅटरी कशी जोडावी

आमची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, गोव्याहून सेकंडहँड घेतलेली. गाडीच्या टपावर बांधून चोर्ला घाटातून बेळगावात आणली. फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली आणि मासे स्क्रीनवर दाखवणारं मशीन, वर्षभराने घेतला. तो बसवून हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला गेलो, तर वल्हं मारलं की स्क्रीन बंद, थांबलं की चालू. काठावरच्या एका म्हाताऱ्या मामांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ह्यो टीव्ही कशाला आणलासा? मासं पाण्यात हायीत, डब्यात न्हाईत."

मी मशीनला शिव्या घालत घरी आलो. बॅटरीची पेटी उघडली तर मशीनचा काही दोष नव्हता. बॅटरीच्या टर्मिनलची पट्टी ४.८ मिलिमीटर रुंद होती आणि मी तिच्यावर ६.३ मिलिमीटरची लग, म्हणजे वायरच्या टोकाला लावायचा धातूचा तुकडा, खोचली होती. लग बसली होती, पण हलत होती. वल्ह्याच्या प्रत्येक झटक्याला सुटायची, परत टेकायची.

म्हणून आधीच सांगतो, बॅटरी कुठलीही घ्या, पण सांधे नीट करा. कयाकवरचे फिश फाइंडर बहुतेक वेळा सांध्यामुळेच रुसतात.

बॅटरी घेण्याआधी

मशीनच्या मॅन्युअलमध्ये तीन गोष्टी शोधा: किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतं, किती करंट खातं आणि फ्यूज किती अँपिअरचा सांगितलाय. चार-पाच इंची स्क्रीनची मशीनं १२ व्होल्टवर चालतात आणि साधारण अर्धा अँपिअर घेतात. स्क्रीनचा उजेड पूर्ण केला की जास्त, आणि उन्हात तो पूर्ण करावाच लागतो.

आपल्याकडे सर्वांत सहज मिळते ती कॉम्प्युटरच्या यूपीएसमधली बॅटरी. दुकानात "बारा व्होल्ट, सात एएच" म्हटलं की पुरे. एएच म्हणजे अँपिअर-तास, एक अँपिअर किती तास मिळेल ते. वजन दोन किलोच्या थोडं वर. ही सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये, नाहीतर लवकर मरते. म्हणजे हाताशी साडेतीन एएच. मशीन अर्धा अँपिअर खात असेल तर सात तास. सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी येणाऱ्याला एवढं खूप झालं.

लिथियम घ्यायची तर लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्टची घ्या. तेवढ्याच क्षमतेची बॅटरी एक किलोच्या आसपास भरते आणि ऐंशी टक्के वापरता येते, म्हणजे अकरा तास. पैसे जास्त लागतात, पण खांद्यावरून सामान नेणाऱ्याला फरक कळतो. एक सावधगिरी मात्र ठेवा. ड्रोनसाठी किंवा सायकलसाठी जोडलेले चार सेलचे साधे लिथियम-आयन पॅक कुणी स्वस्तात देऊ केले, तर पूर्ण चार्जला ते १६.८ व्होल्ट देतात. तुमच्या मशीनची वरची मर्यादा बघितल्याशिवाय असला पॅक लावू नका.

घरातली जुनी यूपीएस बॅटरी वापरून बघायची असेल तर पूर्ण चार्ज करून रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मल्टिमीटर लावा. १२.७ च्या आसपास असेल तर जीव आहे. १२.२ वर आली असेल तर ती घरातच राहू दे.

पेटी

रबरी गॅस्केटचं घट्ट झाकण असलेला प्लॅस्टिकचा डबा चालतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा बाहेरच्या भिंतीवर लावायचा जंक्शन बॉक्स उत्तम. वायर बाहेर काढायला भोक पाडून त्यात केबल ग्लँड, म्हणजे वायरभोवती आवळून पाणी अडवणारं बूच, बसवा. नुसतं भोक पाडून एम-सीलने बुजवणाऱ्यांपैकी मीही होतो. एका उन्हाळ्यात ते तडकलं.

बॅटरी आत हलू नये म्हणून चारी बाजूंनी फोम ठासा. पेटी सीटच्या मागे, शक्य तितकी खाली आणि मधोमध ठेवा, आणि पट्ट्याने बांधा. कयाक उलटली तर दोन किलोचा डबा सुटता कामा नये.

वायरिंग

क्रम असा: बॅटरीचा प्लस, मग फ्यूज, मग स्विच, मग कनेक्टर, मग मशीन. मायनस सरळ. स्विच नसला तरी चालेल, कनेक्टर काढला की काम भागतं. फ्यूज मात्र सोडायचा नाही. तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा, कारण तो मशीनपेक्षा वायरला वाचवतो. सात एएचची एवढीशी बॅटरी शॉर्ट झाली तर वायर लाल होईल एवढा करंट सहज देते, आणि ही वायर तुमच्या पाठीमागे, प्लॅस्टिकच्या होडीत असते. मॅन्युअलमध्ये सांगितलेला आकडाच घाला, बहुतेक छोट्या मशीनला ३ अँपिअर असतो. फ्यूज होल्डर दुचाकीच्या पार्ट्सच्या दुकानात मिळतो. दोन जादा फ्यूज पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा.

वायर १ स्क्वेअर एमएमची, लाल-काळी, बारीक तारांची लवचीक घ्या. घरातल्या वायरिंगची कडक एकतारी नको, हलून हलून तुटते. लोक वायरच्या लांबीची फार काळजी करतात, तर हिशोब बघा. बॅटरीपासून मशीन दोन मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन चार मीटर वायर. या जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध ०.०७ ओहमच्या आसपास. अर्ध्या अँपिअरला व्होल्टेज पडलं ०.०३५, म्हणजे काहीच नाही. उलट गंजलेल्या एका सांध्यात एक ओहम रोध आला, तर तिथल्या तिथे अर्धा व्होल्ट गेला, आणि तोही वल्ह्याच्या तालावर कमी-जास्त होणार.

तर सांधे असे करा. दुकानात लग घ्यायला जाताना बॅटरी सोबत न्या आणि तिथेच खोचून बघा. जोर लावल्याशिवाय निघाली नाही तर ती तुमची. वायर सोलून लगमध्ये घाला आणि क्रिम्पिंगच्या, म्हणजे लग दाबायच्या खास पकडीने दाबा. साध्या पक्कडीने चेपलेली लग दिसायला घट्ट असते, पण ओढली की हातात येते. म्हणून प्रत्येक लग ओढून बघायची सवय लावा. सोल्डर करणारे करतात, पण सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि हलत्या होडीत नेमकी तिथेच मोडते. वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आक्रसून बसणारी नळी, चढवा. स्लीव्ह लग दाबण्याआधी वायरमध्ये ओवायची असते, हे प्रत्येकजण एकदा तरी विसरतो. काळी इन्सुलेशन टेप नको. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात तिचा चिकटा होतो आणि ती सुटते. शेवटी बॅटरीच्या पट्ट्यांवर लग बसवून वरून थोडं व्हॅसलीन चोपडा.

पेटीबाहेर दोन पिनांचा वॉटरप्रूफ कनेक्टर लावा, गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात मिळतो. तो एकाच बाजूने बसणारा हवा. बॅटरीच्या बाजूला झाकलेल्या पिनांचा भाग आला पाहिजे. उघड्या पिना बॅटरीकडे ठेवल्या तर ओल्या हाताने किंवा गळाच्या तारेने शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही.

मशीनच्या केबलमधून लाल-काळीशिवाय आणखी तीन-चार रंगीत वायरी निघाल्या तर दचकू नका. त्या दुसऱ्या उपकरणांना जोडायच्या असतात. त्यांची टोकं वेगवेगळी स्लीव्हने बंद करा, एकत्र गुंडाळू नका.

आता मशीन न लावता कनेक्टरवर मल्टिमीटर धरा. आकडा १२ च्या वर आणि पुढे वजाचं चिन्ह नाही, तरच मशीन जोडा. उलट जोडणी काही मशीन सहन करतात, काही नाही. आपलं कोणत्या जातीचं, याची परीक्षा घेऊ नये. मग मशीन चालू ठेवून वायर, पेटी, कनेक्टर सगळं हलवा, पेटी चक्क आपटा. स्क्रीन लुकलुकली तर दोष घरीच सापडला.

ट्रान्सड्यूसर

ट्रान्सड्यूसर म्हणजे पाण्यात आवाज सोडणारा आणि परत आलेला ऐकणारा मशीनचा भाग. त्याची केबल लांब वाटली तरी कापायची नाही, वेटोळं करून बांधायची. ती बॅटरीच्या वायरीसोबत एकत्रही बांधू नका. १० मीटर खोल पाण्यात आवाज तळाशी जाऊन परत यायला साडेतेरा मिलिसेकंद लागतात, आणि परत येतो तो अगदी क्षीण. शेजारच्या वायरीतली खरखर त्यात मिसळली की स्क्रीनवर पाऊस पडल्यासारखं दिसतं.

प्लॅस्टिकच्या एकपदरी कयाकमध्ये ट्रान्सड्यूसर आतून तळाला चिकटवता येतो, आवाज प्लॅस्टिकमधून जातो. चिकटवण्याआधी पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून, ती पिशवी तळावर टेकवून खोली दिसते का बघा. दिसली तर सिलिकॉन लावा, पण आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. हवेचा पातळ थरसुद्धा आवाज अडवतो. आतून लावल्यावर पाण्याचं तापमान खरं दिसत नाही, होडीच्या तळाचं दिसतं.

पाण्यावर

राकसकोप धरणाचं पाणी बेळगावच्या नळांना येतं, तिथे होडी घालायचा विचार सोडा. हिडकल असो की मलप्रभेवरचं नविलुतीर्थ धरण, आधी धरणावर आणि तिथल्या मच्छीमारांना विचारा. लाइफ जॅकेट घाला. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडत असताना जाऊ नका.

कनेक्टरच्या अलीकडे वायरला खाली लोंबणारा एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, कनेक्टरमध्ये उतरणार नाही. मशीनमध्ये कमी व्होल्टेजचा अलार्म असेल तर लेड-ॲसिडसाठी ११.८ च्या आसपास लावा. लिथियमवर या आकड्याचा फारसा भरवसा नको. ती शेवटपर्यंत १३ दाखवते आणि मग एकदम बंद पडते. तिथे घड्याळ बघून तास मोजणं बरं.

हिडकलला उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं. पाणी भरलेलं असताना तळाच्या अशा उंचवट्यांवरून जाताना स्क्रीनवरची रेघ अचानक चढते, आणि पुष्कळदा मासाही अशा आडोशालाच असतो. मामांना ही रेघ दाखवली तेव्हा म्हणाले, "हिकडं भिंत हाय ते मला ठावं हाय की." पण स्क्रीनवरून नजर काही हलवली नाही.

घरी आल्यावर

चार्ज करताना पेटीचं झाकण उघडा, बॅटरी बाहेर काढली तर अधिक चांगलं. सीलबंद असली तरी जास्त चार्ज झाली की लेड-ॲसिडमधून हायड्रोजन निघू शकतो. लिथियमला तिचाच चार्जर वापरा, लेड-ॲसिडचा नको. कारच्या बॅटरीचा मोठा चार्जर सात एएचला लावू नका. कनेक्टर गोड्या पाण्याने पुसून वाळवा.

पावसाळ्यात कयाक टांगून ठेवली की बॅटरीचा विसर पडतो. लिथियम अर्धी चार्ज करून थंड जागी ठेवून द्या. लेड-ॲसिड मात्र पूर्ण भरून ठेवायची आणि दोन-अडीच महिन्यांनी परत भरायची. आमच्या घरी ती एकदा आषाढीला आणि एकदा गणपतीच्या आधी, माळ्यावरून आरास काढताना चार्जिंगला लागते.