युद्धाच्या दिवसांत आई-बाबांचं परदेशाचं तिकीट कसं काढावं

२३ जून २०२५. रात्री सव्वाअकराला बाबांचा फोन आला. "अरे, आम्ही मस्कतला उतरलोय. आपल्याला दोहाला जायचं होतं ना?"

त्या संध्याकाळी इराणने कतारमधल्या अमेरिकेच्या अल उदैद हवाई तळावर क्षेपणास्त्रं सोडली आणि कतारने आपली हवाई हद्द बंद केली. एकट्या कतार एअरवेजची नव्वदहून जास्त विमानं वाटेतून वळवावी लागली. दोहाकडे निघालेल्या इतर कंपन्यांचीही तीच गत. त्यांतल्याच एका विमानात आई-बाबा होते, बहिणीकडे न्यू जर्सीला निघालेले. हद्द मध्यरात्रीनंतर उघडली, पण ते दोह्याला पोचले दुसऱ्या दिवशी दुपारी. पुढचं विमान सकाळीच उडून गेलं होतं. ते तिकीट वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या पीएनआरवर. काउंटरवर उत्तर मिळालं: तुम्ही वेळेत आला नाहीत, नो शो, म्हणजे तिकीट बुडालं. एजंटने असं दोन तुकड्यांत तिकीट काढून साडेअकरा हजार वाचवले होते, आणि मीच त्याला शाबासकी दिली होती.

तेव्हापासून घरातल्यांची तिकिटं मी ज्या क्रमाने काढतो, तो क्रम खाली देतोय.

आधी नकाशा, मग भाव

तिकिटाच्या साइटवर जाण्याआधी विमान कुठून जाणार ते बघा. भारतातून युरोप-अमेरिकेकडे जायच्या वाटा मोजक्याच आहेत. युक्रेनवरचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हद्द बंद केली. त्यानंतर दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं. त्यात इराण-इराकवरचं आकाश बंद झालं की उरते ती सौदी-इजिप्तवरची वाट, नाहीतर उत्तरेची मध्य आशिया, अझरबैजान, तुर्कस्तानकडून जाणारी चिंचोळी पट्टी. सगळी गर्दी तिथेच होते. मग विमानाचे तास वाढतात आणि मधल्या थांब्यावर ठेवलेला दीड तास पुरत नाही.

विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या साइटवर तुमच्या विमानाचा नंबर टाका. गेल्या आठवड्यात ते रोज कुठून गेलं, किती उशिरा पोचलं, किती वेळा रद्द झालं ते फुकट दिसतं. सातांपैकी तीन दिवस दोन तास उशीर असेल, तर वेळापत्रकातली वेळ सोडा, तो उशीरच खरा धरा.

आणि खुद्द विमानाला धोका? १७ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनवर मलेशिया एअरलाइन्सचं विमान पाडलं गेलं, त्यात २९८ माणसं गेली. ८ जानेवारी २०२० ला तेहरानहून उडालेलं युक्रेनचं विमान इराणच्याच क्षेपणास्त्राने पडलं, १७६ गेली. दोन्ही वेळा लढाई चालू होती आणि आकाश उघडं होतं. त्यामुळे आकाश बंद झाल्याची बातमी आली की लोक घाबरतात, पण बंद आकाश ही खरं तर दिलाशाची गोष्ट आहे. युरोपची विमान सुरक्षा संस्था, ईएएसए, युद्धक्षेत्रांबद्दल कंपन्यांसाठी सूचनापत्रकं काढते. ती तिच्या साइटवर कोणालाही वाचता येतात. मी एक ढोबळ नियम पाळतो: ज्या हद्दीतून बाकीच्या कंपन्यांनी अंग काढलंय आणि एखादीच अजून जातेय, तिचं तिकीट काढायचं नाही. कितीही स्वस्त असलं तरी.

एकच पीएनआर

मुंबईपासून शेवटच्या विमानतळापर्यंत सगळा प्रवास एका पीएनआरवर हवा. मग पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचं चुकलं तर पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीवर राहते. बॅगही बहुतेकदा शेवटपर्यंत जाते. शक्य तर तिकीट थेट कंपनीच्या साइटवरून काढा. गडबडीच्या दिवशी कंपनी म्हणते एजंटकडे जा, आणि एजंटचा फोन एंगेज असतो. एजंटकडूनच काढायचं असेल तर बुकिंगमध्ये ईमेल आणि मोबाइल तुमचा घालायला सांगा. विमानाची वेळ बदलल्याचे मेसेज एजंटच्या फोनवर जातात आणि आपण जुन्या वेळेला विमानतळावर उभे असतो.

मधला थांबा निवडताना दोन गोष्टी बघा. त्या शहरातून त्याच कंपनीची पुढे दिवसाला किती विमानं आहेत? एकच असेल तर ते चुकलं की २४ तास गेले. दुसरं, अडकलो तर विमानतळाबाहेर पडता येईल का? भारतीय पासपोर्टवर लंडनमध्ये नुसतं विमान बदलायलाही बहुतेकांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर अटींवर सूट मिळते. कंपनीने ऐन वेळी लंडनमार्गे पाठवायची तयारी दाखवली आणि नेमका व्हिसा नाही म्हणून नाही म्हणावं लागलं, असं होऊ नये. हे घरी बसूनच तपासून ठेवा.

विमा: शेवटून वाचायला घ्या

इथे मात्र थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

प्रवास विमा युद्धासाठी नसतो. जवळपास प्रत्येक पॉलिसीत अपवादांच्या यादीत युद्ध, आक्रमण, परकीय शत्रूची कारवाई, यादवी हे शब्द असतात, आणि सोबत 'युद्ध जाहीर झालेलं असो वा नसो' अशी पुस्ती. दहशतवादी हल्ल्याला काही पॉलिसींत संरक्षण मिळतं, पण 'हे युद्ध की दहशतवाद' हे ठरवताना तुमच्या मताला किंमत नसते. शिवाय आधीच माहीत असलेल्या घटनेवर विमा मिळत नाही. टीव्हीवर बातमी बघून रात्री पॉलिसी काढली, तर त्या बातमीपुरती ती कोरडीच. म्हणून विमा तिकिटाबरोबरच काढायचा, निघायच्या आदल्या दिवशी नाही.

मग काढायचा कशाला? बाबांचं बीपी, आईची साखर आणि घसरून मोडणारं हाड युद्ध संपायची वाट बघत नाही. अमेरिकेत इमर्जन्सीत एक रात्र काढली तरी बिल लाखांत जातं. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतंच. अमेरिकेसाठी ज्येष्ठांना मी एक लाख डॉलरच्या खाली जात नाही. आणि जुने आजार अर्जात लिहा. बीपीची गोळी दहा वर्षं चालू असताना 'आजार नाही' वर टिकमार्क केला की दावा नाकारायला कंपनीला वेगळं कारण शोधावं लागत नाही.

माहितीपत्रक चार पानांचं आणि गोड असतं, ते बाजूला ठेवा. 'पॉलिसी वर्डिंग' नावाची लांबलचक पीडीएफ उघडा आणि अपवादांचं प्रकरण आधी वाचा. मग कंपनीला ईमेलने तीन प्रश्न विचारा:

१. हवाई हद्द बंद झाल्यामुळे विमान रद्द झालं किंवा लांबलं, तर हॉटेलचा आणि नव्या तिकिटाचा खर्च मिळेल का?

२. भारत सरकारने त्या देशात जाऊ नका असं सांगितल्यानंतर गेलो, किंवा तिथे असताना तशी सूचना निघाली, तर युद्धाशी संबंध नसलेल्या आजारपणाचा दावा चालेल का?

३. परतीचं विमान नाही म्हणून मुक्काम वाढला, तर पॉलिसी आपोआप वाढते का, आणि किती दिवस?

उत्तर फोनवर घेऊ नका. "हो सर, सगळं कव्हर आहे" म्हणणारा आवाज दाव्याच्या वेळी सापडत नाही. लेखी उत्तर असेल तर तक्रारीला बळ येतं. विमा कंपनीने दाद दिली नाही तर विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल आहे, त्यांचा १५५२५५ हा नंबर आहे, आणि महिनाभरात उत्तर आलं नाही तर विमा लोकपाल. त्यांची कार्यालयं मुंबईत आहेत तशी पुण्यातही आहेत.

स्वतः रद्द करू नका

बातम्या तापल्या की पहिली ऊर्मी तिकीट रद्द करण्याची येते. थांबा. तुम्ही रद्द केलंत तर कॅन्सलेशन चार्ज तुमचा. कंपनीने रद्द केलं तर पैसे परत किंवा दुसरं विमान हा पर्याय तुम्हाला मिळतो. अशा दिवसांत बऱ्याच कंपन्या तारीख फुकट बदलून देतात. त्या सवलतीत कोणत्या तारखेपर्यंत काढलेलं आणि कोणत्या दिवसांचं तिकीट चालेल, एवढं नीट वाचा. नुकसानभरपाईची आशा मात्र धरू नका. भारतातली विमान वाहतूक बघणाऱ्या डीजीसीएच्या नियमांत युद्ध हे असाधारण कारण मानलं जातं. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघत असाल तर भरपाई नसली तरी जेवण आणि हॉटेल कंपनीलाच द्यावं लागतं. खिशातून खर्च केलात तर पावत्या जपा.

आणखी एक खड्डा. एकाच तिकिटातला पहिला टप्पा सोडून तुम्ही दुसऱ्या वाटेने गेलात, तर परतीसह पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात. आधी कंपनीशी बोलून तिकीट बदलून घ्या.

हातातली बॅग

त्या रात्री बाबांच्या बीपीच्या गोळ्या चेक-इन बॅगेत होत्या, आणि बॅग विमानाच्या पोटात. आता पंधरा दिवसांची औषधं, औषधाचं मूळ नाव लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र, एक जोडी कपडे, चार्जर आणि पॉवर बँक केबिन बॅगेत. पॉवर बँक तशीही खालच्या बॅगेत चालत नाही. पासपोर्ट, व्हिसा, पॉलिसी यांच्या झेरॉक्स, आणि एका कागदावर ठळक अक्षरांत पीएनआर, विमा कंपनीचा मदत क्रमांक, भारतीय दूतावासाचा नंबर. फोनची बॅटरी गेल्यावर कोणालाच कोणाचा नंबर पाठ नसतो. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत ना, तेही घरूनच बघा.

अडकलात तर

काउंटरच्या रांगेत एकाने उभं राहायचं आणि त्याच वेळी भारतातल्या घरच्यांनी कंपनीला फोन आणि ॲपवरून प्रयत्न करायचा. जिथे आधी नंबर लागेल तिथे काम करून घ्यायचं. विमान का रद्द झालं किंवा लांबलं ते कंपनीकडून लेखी घ्या, विमा कंपनी ते मागतेच. दवाखान्यात जायची वेळ आली तर शक्यतो आधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवा. लढाईच्याच देशात असाल तर दूतावासात नाव नोंदवा. जून २०२५ मध्ये इराण आणि इस्रायलमधून भारतीयांना आणलं ते 'ऑपरेशन सिंधू'मध्ये, आणि दूतावासांनी लोकांना नोंदणी करायलाच सांगितलं होतं.

आणि पॉलिसीची शेवटची तारीख. आपोआप वाढणारी नसेल तर ती संपण्याआधी वाढवावी लागते, संपल्यावर वाढत नाही. बाबांचं परतीचं विमान दोन दिवसांनी पुढे गेलं, तेव्हा पॉलिसी त्याच रात्री बाराला संपत होती. बहिणीने पावणेबाराला चार दिवस वाढवून घेतली. बाबा तोवर झोपलेले होते.