गोल्फ स्विंग शिकताना काय घट्ट धरावे आणि काय मोकळे सोडावे

ऐरोलीचे माझे एक मित्र वयाच्या 52व्या वर्षी गोल्फ शिकू लागले. त्यांच्या पहिल्या प्रशिक्षकांची पद्धत पक्की ठरलेली होती: डोके हलता कामा नये, डावा हात कोपरात वाकता कामा नये, डाव्या पायाची टाच जमिनीवरून सुटता कामा नये आणि खांदे मात्र पूर्ण नव्वद अंशांत वळले पाहिजेत. तीन महिन्यांनी त्यांची कंबर धरली आणि चेंडू पूर्वीइतकाच उजवीकडे वळत राहिला. मग ते दुसऱ्या प्रशिक्षकांकडे गेले. त्यांनी सांगितले की प्रत्येकाचा स्विंग, म्हणजे चेंडू मारतानाचा झोका, वेगळा असतो, तुम्ही मोकळेपणाने मारा. पुढचे दोन महिने मित्र मोकळेपणाने मारत राहिले. कंबर बरी झाली, स्लाइस, म्हणजे चेंडूचे ते उजवीकडे वळणे, मात्र तसाच राहिला.

ठरीव पद्धत चांगली की लवचीक शिकवण, हा वाद एक बाजू घेऊन सुटत नाही असे माझे मत या अनुभवातून पक्के झाले. स्विंगमधल्या काही गोष्टी खिळ्यासारख्या घट्ट असाव्या लागतात आणि काही ज्याच्या त्याच्या शरीरावर सोडाव्या लागतात. कोणती गोष्ट कोणत्या बाजूला जाते हे एकदा नीट समजून घेतले, तर प्रशिक्षक निवडणे, सराव आखणे आणि चूक शोधणे ही तिन्ही कामे सोपी होतात.

सुरुवात चेंडूपासून करावी. क्लब (गोल्फची काठी) आणि चेंडू यांचा स्पर्श सुमारे अर्धा मिलिसेकंद टिकतो. तेवढ्या वेळात क्लबफेसचे, म्हणजे क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूचे, तोंड कोणीकडे होते, क्लब कोणत्या दिशेने आणि किती वेगाने चालला होता, चेंडू फेसच्या कोणत्या भागाला लागला आणि स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू कोठे पडला, एवढ्यावरच चेंडूचे उड्डाण ठरते. हात वर नेताना क्लबने कोणता आकार काढला, याची चेंडूला खबर नसते. चेंडू क्लबच्या मार्गाच्या दिशेने निघतो आणि नंतर फेसच्या दिशेला वळतो, असे पूर्वी सर्रास शिकवले जाई. 2000 नंतर रडारवर चालणारी मोजणीयंत्रे आली आणि चित्र बदलले. चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यतः फेस ठरवतो, ड्रायव्हरमध्ये (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) सुमारे 85 टक्के आणि आयर्नमध्ये (लहान अंतरांचे, धातूच्या पातळ डोक्याचे क्लब) सुमारे 75 टक्के. फेस आणि मार्ग यांच्यातल्या फरकातून पुढचे वळण येते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडेच सुरू होऊन आणखी उजवीकडे वळत असेल, तर फेस लक्ष्याच्या उजवीकडे उघडा आहे. चेंडू डावीकडे सुरू होऊन उजवीकडे वळत असेल, तर फेस लक्ष्याच्या डावीकडे आहे, पण मार्ग त्याहूनही डावीकडे आहे. दोन्ही शॉटना आपण स्लाइस म्हणतो, परंतु दोन्हींवरचे उपाय निराळे आहेत. फक्त उड्डाण पाहून एवढे सांगू शकणाऱ्या प्रशिक्षकावर मी पटकन विश्वास ठेवतो.

आता ज्या खेळाडूंचा दाखला लवचीक बाजूचे लोक देतात, त्यांच्याकडे पाहू. जिम फ्युरिक यांचा क्लब वर जाताना बाहेरून जातो आणि खाली येताना मोठा वळसा घेऊन आत येतो. वडिलांनी त्यांचा तो वळसा जपला. फ्युरिक यांनी 2003 मध्ये यूएस ओपन ही मोठी स्पर्धा जिंकली आणि 2016 मध्ये पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेत 58 फटक्यांची फेरी खेळली. जॅक निकलॉस बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे-वर नेताना, डावी टाच उचलत आणि त्यांचे उजवे कोपर शरीरापासून दूर जाई. त्यांच्या नावावर 18 मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मानाच्या स्पर्धांची विजेतेपदे, आहेत. आपल्याकडचे जीव मिल्खा सिंग यांचा स्विंगही पुस्तकी नाही. एवढे पाहून 'कसाही मारा, चालते' असा अर्थ काढणे मात्र चुकीचे होईल. या तिघांचे स्विंग वरच्या टोकाला एकमेकांसारखे दिसत नाहीत, पण चेंडूपाशी येताना फेस दर वेळी ठरल्या जागी परत येतो, आणि तो हजारो तासांच्या शिस्तीचा परिणाम आहे.

ठरीव पद्धतीचीही एक बाजू आहे. नवशिक्याला एकाच भाषेत, एकाच क्रमाने सांगणारा माणूस मिळाला, तर गोंधळ टळतो. ब्रायसन डीशॅम्बो यांनी एकाच लांबीच्या आयर्न वापरून, जवळजवळ अभियांत्रिकी शिस्तीने आपला स्विंग बांधला आणि 2020 व 2024 अशा दोन यूएस ओपन जिंकल्या. पद्धतीची अडचण तिच्या उगमात असते. बहुतेक पद्धती कोणा एका माणसाच्या एका दुखण्यावरचे औषध म्हणून जन्मतात. बेन होगन हे गोल्फपटू कारकिर्दीच्या सुरुवातीच्या काळात हुकने, म्हणजे चेंडू डावीकडे वळण्याने, हैराण होते, म्हणून त्यांनी डाव्या हाताची पकड कमकुवत केली, म्हणजे पंजा लक्ष्याच्या बाजूला फिरवला. ती पकड जगभर शिकवली गेली. पण सर्वसाधारण हौशी खेळाडूचे दुखणे स्लाइसचे असते आणि त्याच्या हाती हुकवरचे औषध पडते. म्हणून प्रशिक्षकांना पहिल्याच दिवशी विचारावे: ही सूचना माझ्या कोणत्या चुकीसाठी आहे, आणि ती पाळल्यावर माझ्या चेंडूत काय बदल दिसायला हवा? याचे उत्तर 'हीच योग्य पद्धत आहे' एवढेच मिळाले, तर दुसरीकडे चौकशी करावी.

घट्ट धरायच्या गोष्टी माझ्या मते चार आहेत: पकड, नेम, चेंडूची जागा आणि उभे राहण्याचे अंतर. या चारही गोष्टी क्लब हलण्याआधीच्या आहेत, त्यांना वेग लागत नाही, वयही आड येत नाही, त्यामुळे त्यांत ढिलाईला सबब नाही. वर सांगितलेल्या मित्रांची पकड आम्ही एका सकाळी पाहिली, तेव्हा खाली पाहताना त्यांना डाव्या मुठीवरचा बोटांचा जेमतेम एक सांधा दिसत होता. आमच्या मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात क्रिकेट खेळून आलेल्यांमध्ये हे वारंवार आढळते. बॅट सरळ आणि डावे कोपर उंच ठेवायची शिकवण अंगात इतकी मुरलेली असते की क्लबफेस शेवटपर्यंत आकाशाकडे उघडा राहतो. पंजा थोडा उजवीकडे फिरवून दोन ते तीन सांधे दिसतील अशी पकड आम्ही घेतली. पहिले वीस-पंचवीस चेंडू वाईट गेले, कारण नवी पकड परकी लागतेच. अशी पकड निदान सहा आठवडे तरी बदलू नये. दररोज घरी टीव्ही पाहताना पाच मिनिटे क्लब हातात धरून बसले तरी ती अंगवळणी पडते.

टाच, कोपर, खांद्यांचे वळण आणि बॅकस्विंगची उंची या गोष्टी मी मोकळ्या बाजूला टाकतो. मित्रांना डावी टाच उचलायची मुभा दिल्याबरोबर त्यांचे कंबरडे वळू लागले आणि हात आपोआप पुरेसे मागे गेले. ज्याचे नितंब आणि पाठ आखडलेली आहे, त्याने टाच दाबून खांदे नव्वद अंश वळवायचा अट्टाहास केला, तर ते वळण मणक्यातून काढले जाते, आणि तो दंड फार महाग पडतो.

मोकळीक दिली की मोजमाप अधिक काटेकोर ठेवावे लागते. यासाठी दोन घरगुती चाचण्या पुरतात. क्लबफेस किंचित ओलसर फडक्याने पुसून त्यावर घामोळ्यांच्या पावडरीचा पातळ थर द्यावा आणि पाच चेंडू मारावेत, दर चेंडूनंतर ठसा पाहून थर पुन्हा द्यावा. ठसे फेसच्या मध्याभोवती रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत येत असतील, तर स्विंग दिसायला कसाही असो, त्याला हात लावू नये. दुसरी चाचणी म्हणजे घडी घातलेला लहान टॉवेल चेंडूच्या मागे चार बोटांवर ठेवणे. क्लब टॉवेलला लागला, तर खालचा बिंदू मागे पडतो आहे. रेंजवरच्या (सराव-मैदानावरच्या) मॅटवर ही चाचणी विशेष गरजेची आहे, कारण मॅटवर क्लब मागे आपटला तरी घसरून चेंडूपर्यंत पोहोचतो आणि चूक लपते. खऱ्या गवतावर तोच फटका वीस यार्डही जात नाही.

सरावाची आखणीही याच तत्त्वाने करावी. 1920 च्या दशकात मॉस्कोमध्ये निकोलाय बर्नस्टाइन यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कुशल कामगारांच्या हालचाली टिपल्या. हातोडा दर वेळी नेमका छिन्नीवर पडे, परंतु खांदा, कोपर आणि मनगट यांच्या वाटा दर फटक्याला थोड्या वेगळ्या असत. कौशल्य म्हणजे एकच हालचाल तंतोतंत पुन्हा करणे नव्हे, हे त्यातून दिसले. 1999 मध्ये गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी नवशिक्यांना गोल्फचे पिच शॉट, म्हणजे जवळच्या लक्ष्याकडे उंच उडवलेले छोटे फटके, शिकवले. ज्यांना क्लबच्या झोक्याकडे लक्ष द्यायला सांगितले, ते स्वतःच्या हातांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा अधिक अचूक ठरले. म्हणून 'कोपर आत ठेव' असे स्वतःला बजावण्याऐवजी 'क्लबने चेंडूपुढचे गवत कापायचे आहे' असे ठरवावे.

एका बैठकीत पन्नास चेंडू घेतले, तर पहिले वीस सेव्हन आयर्नने (मध्यम अंतराच्या सात क्रमांकाच्या क्लबने) एकाच लक्ष्यावर मारावेत आणि त्यांत फक्त पकड व नेम पाहावा. उरलेल्या तीसमध्ये दर चेंडूला क्लब आणि लक्ष्य बदलावे. या भागात फटके बिघडलेले वाटतात आणि लोक कंटाळून पुन्हा सेव्हन आयर्नकडे वळतात. तसे करू नये, कारण मैदानावर एकच फटका लागोपाठ वीस वेळा मारायला कधीच मिळत नाही. एका वेळी एकाच शिक्षकाचे ऐकावे आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून त्यात दुसरी पद्धत मिसळू नये.

त्यानंतर मैदानावर जावे. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या सिडकोच्या खारघर कोर्सवर पाय नेहमी सपाट जागी पडतीलच असे नाही. चेंडू पायांपेक्षा उंचावर असेल, तर क्लब थोडा खाली धरावा आणि नेम किंचित उजवीकडे घ्यावा, कारण चेंडू डावीकडे ओढला जातो; चेंडू पायांखाली असेल तर उलट करावे, गुडघे थोडे अधिक वाकवावेत आणि तोल जाणार नाही इतकाच स्विंग घ्यावा. पावसाळ्यात जमीन भिजली की चेंडूआधी मातीला लागलेला क्लब तिथेच रुततो. तेव्हा चेंडू नेहमीपेक्षा अर्धा चेंडू मागे, उजव्या पायाकडे ठेवावा, एक क्लब मोठा, म्हणजे चेंडू अधिक लांब नेणारा, घ्यावा आणि पाऊण स्विंगमध्ये मारावे. पकड मात्र तीच राहू द्यावी आणि दर फटक्याआधी ग्रिप, म्हणजे क्लबची मूठ, कोरड्या टॉवेलने पुसावी.