स्पूलचा टेपरेकॉर्डर: फीत लावायच्या आधी

आर्वीकडच्या खेड्यांतून माझ्या दुकानात स्पूलचे, म्हणजे उघड्या रिळावरच्या फितीचे, टेपरेकॉर्डर येतात ते बहुतेक दिवाळीची साफसफाई झाल्यावर. माळ्यावर, कोठीच्या मागं पडून असलेली ग्रुंडिग नाहीतर आकाई सापडते, सोबत फितींचे चार-दोन डबे. एखाद्या डब्यावर पेन्सिलीनं 'खंजिरी भजन, आबाजी' असं लिहिलेलं असतं. घरच्यांना राहवत नाही, ते लगेच फीत लावून बघतात. तेवढं करू नका. त्या आवाजाची दुसरी प्रत जगात कुठंच नाही. आधी मशीन, मगच फीत.

प्लगसुद्धा घाईनं लावू नका. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या मशीनचे कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) खराब झालेले असू शकतात. रेडिओवाल्याकडे सिरीज बोर्ड असतो, त्यात वीज आधी बल्बमधून जाऊन मग मशीनला मिळते; त्यातून वीज द्या. बल्ब तारेचा, 60 किंवा 100 वॅटचा हवा; एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, मशीन बंद करा आणि जाणत्याला दाखवा. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) मशीनमध्ये अडीचशे व्होल्टच्या वरचा डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये टिकून राहतो. तिथं आतमध्ये हौसेनं हात घालायचा नाही.

आता साफसफाई. प्लग काढलेला, हेडवरचं (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावरचं) झाकण काढलेलं. आपल्याकडे कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या घरांत रुईचे तंतू कुठंही शिरतात. मशीनमध्ये तेलकट जागा सापडली की तिथंच बसतात आणि त्यांचा नमदा होतो. तो आधी मऊ कोरड्या ब्रशनं काढा. तोंडानं फुंकू नका, थुंकीचा ओलावा हेडवर जातो.

मग फीत जिथं जिथं घासते ती प्रत्येक जागा: इरेज हेड (जुना आवाज पुसणारं), रेकॉर्ड-प्ले हेड, गाइड, कॅपस्टनची (फीत पुढं ओढणारी) दांडी. यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, 99 टक्क्यांचं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात 'आयपीए' म्हणून मागितलं की मिळतं. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. पेट्रोल आणि थिनर तर बिलकुल नको, प्लास्टिक आणि रबर दोन्ही खातात. कानातली काडी भिजवून निथळून घ्या, ठिबकता कामा नये. फीत ज्या दिशेनं जाते त्याच दिशेनं हेड पुसा. पहिली काडी गर्द तपकिरी निघेल. तो फितीवरून सुटलेला ऑक्साइड. दुसरी, तिसरी घ्या, काडी पांढरी निघेपर्यंत. कॅपस्टनवर ही घाण कडक होऊन बसते; तिथं काडी दाबून धरा आणि दुसऱ्या हातानं फ्लायव्हील (कॅपस्टनचं जड चाक) हळूहळू फिरवा. सगळं पुसल्यावर टॉर्च मारून बघा, कापसाचा एखादा धागा मागं राहिलेला असतोच. गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, आवाज दबून राहिला, हेड गेलं वाटते." दरवेळी हेड गेलेलं नसतं, मळलेलं असतं.

फीत कॅपस्टनवर दाबून धरणारा पिंच रोलर रबराचा आहे, त्याला वारंवार अल्कोहोल लावलं तर रबर कडक पडतं. भांड्यांच्या साबणाचं सौम्य पाणी कापडाला लावून पुसा, मग साध्या पाण्याचं कापड, मग पूर्ण वाळू द्या. रोलरला भेगा असतील किंवा तो चिकट झाला असेल तर बदलण्याशिवाय इलाज नाही.

बेल्टचं मात्र आपल्या उन्हाळ्यात वाईट होतं. काही जुने बेल्ट वितळून काळ्या डांबरासारखे पुलीवर बसतात. हातमोजे घाला, तो काळा डाग कपड्यावरून जात नाही. पुली आयपीएनं लख्ख करा. नव्या बेल्टसाठी त्याच वाटेनं दोरा फिरवून लांबी मोजा आणि त्यापेक्षा साधारण पाच ते दहा टक्के कमी घेराचा बेल्ट मागा.

तेल शिलाई मशीनचं, तेही कॅपस्टनच्या आणि मोटरच्या बेअरिंगला सुईच्या टोकानं एकच थेंब. खोबरेल घालू नका, पुढं त्याचा गोंद होतो. बेल्ट, रोलर आणि ब्रेकचे नमदे यांच्या जवळही तेल जाऊ देऊ नका. हेडच्या बाजूचे बारीक स्क्रू लाखेनं सील केलेले असतात. ते हेडचा कोन ठरवतात, त्यांना हातच लावू नका.

हेडमध्ये साठलेलं चुंबकत्व काढणारा डिमॅग्नेटायझर मिळाला तर मशीन बंद ठेवून वापरा. तो एक मीटर लांब असताना चालू करायचा, सावकाश हेडजवळ न्यायचा, सावकाश मागं आणायचा आणि पुन्हा लांब गेल्यावरच बंद करायचा. जवळ असताना बंद केला तर हेडमध्ये उलट चुंबकत्व बसतं. फितींचे डबे त्या वेळी दुसऱ्या खोलीत.

वेग तपासायला बिनकामाची फीत घ्या. शिंप्याच्या टेपनं 286 सेंटिमीटर मोजून दोन्ही टोकांना खूण करा. सेकंदाला 9.5 सेंटिमीटरच्या वेगावर हे अंतर 30 सेकंदांत संपलं पाहिजे. 19 च्या वेगावर 15 सेकंदांत.

एवढं झालं की कामाची फीत बाहेर काढा. स्पूल उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसला तर ती बहुधा अ‍ॅसिटेटची जुनी फीत आहे. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती सडायला लागली आहे, तिला जपून हाताळा. काही फिती, विशेषतः सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या, दमट हवेनं चिकट होतात. वाजताना किंचाळतात, हेडवर तपकिरी लगदा सोडतात. अशी फीत तिथंच थांबवा. स्टुडिओवाले ती 50 अंशांच्या थोडं वर, नेमक्या तापमानात तासन् तास शेकून वाजवतात. मे महिन्यात गच्चीवर ठेवून हे होत नाही, फीत वाकडी होते. अ‍ॅसिटेटला तर शेकायचंच नाही. तुटलेली फीत सेलोटेपनं जोडू नका, त्याचा गोंद पसरून शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. फीत जोडायची खास स्प्लायसिंग टेपच हवी.

फिती उभ्या ठेवा, स्पीकर आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब. कूलरच्या खोलीत मुळीच नको. आपल्याला गार वाटतं ती हवा फितीला पावसाळ्यासारखीच दमट असते आणि बुरशी धरते.

पहिल्यांदा वाजवतानाच रेकॉर्डिंगही करून घ्या, खराब झालेली फीत दुसऱ्यांदा वाजेलच असं नाही. जुन्या ग्रुंडिगला गोल डिन सॉकेट असतं, त्याची वायर आधीच बनवून घ्या. लॅपटॉपवर वेव्ह फाइल करा, एमपी3 नंतर कधीही काढता येते.