रात्रभर उभा राहिलेला ट्रक सकाळी सुरू होईना : माझा अनुभव

नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट अड्ड्यावर रात्रभर उभा राहिलेला माझा जुन्या यांत्रिक पंपाचा ट्रक सकाळी सेल्फ मारल्यावर क्षणभर सुरू होऊन बंद पडे. इंजिनाजवळचा डिझेल भरायचा हातपंप मारला की मात्र दिवसभर नीट चाले. दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल तपासून घेतले, तरी फरक पडला नाही. तीन आठवडे आणि बराच पैसा वाया गेला.

टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) या ओढीच्या बाजूला फट असली, तर डिझेल बहुधा बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते, म्हणून जमीन कोरडीच दिसते. फीड पंपाच्या अलीकडे तात्पुरती पारदर्शक नळी जोडताच बुडबुडे दिसले. डिझेलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचा, म्हणजे बँजो बोल्टचा, तांब्याचा वायसर एका कडेला चिरला होता. बोल्टच्या दोन्ही बाजूंचे वायसर नवे घातले आणि नागपूरच्या उन्हात कडक झालेली रबरी नळीही बदलली.

नंतर डिझेलच्या लाइनीत अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढली : आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारला आणि हातपंप मारत असतानाच स्क्रू आवळला, मग हेच इंजेक्शन पंपाच्या (नोझलला दाबाने डिझेल देणाऱ्या पंपाच्या) स्क्रूवर केले. शेवटी हातपंपाची मूठ फिरवून घट्ट बसवली, कारण तीही हवा ओढते. दुसऱ्या दिवशी ट्रक पहिल्याच सेल्फला सुरू झाला.