माउस हातात देण्याआधी: फोटो एडिटिंग शिकवण्याचे वर्गातले खेळ

संगणकाच्या तासाला फोटो एडिटिंग शिकवायचं म्हटलं की आपण बहुधा सॉफ्टवेअर उघडतो आणि मेनू दाखवायला लागतो. हे क्रॉप, हे ब्राइटनेस, हे ब्लर. मुलं भराभर बटणं दाबतात, खूश होतात आणि पुढच्या आठवड्यात सगळं विसरून येतात. माझे पहिल्या दोन-तीन वर्षांचे तास असेच गेले. मग मी क्रम उलटा केला: आधी वही, मैदान, जिलेटिन कागद, आणि त्यानंतर संगणक. संगणकातलं चित्र म्हणजे आकड्यांनी भरलेला तक्ता आणि एडिटिंग म्हणजे त्या आकड्यांवर केलेलं गणित, एवढी गोष्ट मुलांच्या हाताखालून गेली की कुठल्याही सॉफ्टवेअरमधलं बटण त्यांना परकं वाटत नाही.

पुढचे खेळ सहावी ते नववीसाठी आहेत. ३५ मिनिटांच्या साधारण आठ तासिका लागतात. त्यांतल्या निम्म्या तासिकांना संगणक लागतच नाही, त्यामुळे चाळीस मुलं आणि दहा संगणक अशी स्थिती असली तरी अडत नाही.

सामान असं जमवा: चौकटींची वही, काळे स्केचपेन, पुठ्ठ्याचे तुकडे, लाल, हिरवा आणि निळा जिलेटिन कागद, तीन बॅटऱ्या, आणि स्पायरल बाइंडिंगच्या वर लावतात तसल्या पाच-सहा पारदर्शक शीट. संगणकावर गिम्प हे सॉफ्टवेअर टाकून ठेवा. ते फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं आणि एकदा टाकलं की इंटरनेट लागत नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते लिहायला घेतलं. हे मुलांना जरूर सांगा. विद्यार्थ्यांनी बनवलेली वस्तू आपण वापरतोय, हे त्यांना फार आवडतं.

१. अक्षर चौकटीत बसवा

प्रत्येकाने वहीत ७ आडव्या आणि ७ उभ्या चौकटी आखायच्या आणि आपल्या नावाचं पहिलं अक्षर त्यात बसवायचं. नियम एकच: चौकट पूर्ण काळी करायची किंवा पूर्ण कोरी ठेवायची. अर्धी भरायची नाही, तिरकी रेघ मारायची नाही. मग काळ्या चौकटीसाठी १ आणि कोऱ्या चौकटीसाठी ० लिहायचं. ‘ग’ असा येतो:

१ १ १ १ १ १ १
० ० १ ० ० १ ०
० ० १ ० ० १ ०
० ० १ ० ० १ ०
१ १ १ ० ० १ ०
१ १ ० ० ० १ ०
० ० ० ० ० १ ०

देवनागरीत ही गंमत जास्त रंगते, कारण वरची अख्खी ओळ शिरोरेषेलाच जाते आणि अक्षराला उरतात सहा ओळी. ज्यांचं नाव ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ने सुरू होतं ती मुलं लगेच तक्रार करतात की सात चौकटी पुरत नाहीत. त्यांना १२ किंवा १६ चौकटी घेऊ द्या. जास्त पिक्सेल (संगणकाच्या चित्रातल्या अशा चौकटी) म्हणजे जास्त बारकावा, हा धडा तिथेच होऊन जातो.

इथे एक प्रश्न टाकून बघा: ठिपक्यांची रांगोळी आणि दोसुतीवरचं भरतकाम यांतलं आपल्या चौकटींसारखं कोणतं? बहुतेक वर्ग ‘रांगोळी’ म्हणतो, ठिपके दिसतात म्हणून. पण रांगोळीत ठिपके हे फक्त टेकू असतात, चित्र रेषांनी होतं. रांगोळी कितीही मोठी काढा, रेघ गुळगुळीतच राहते. दोसुतीवर मात्र एकेका घरात फुलीचा टाका भरत जावं लागतं आणि जवळून पाहिलं की पायऱ्या दिसतात. संगणकातही या दोन्ही प्रकारची चित्रं असतात. फोटो हा दोसुतीच्या जातीचा. फॉन्टमधलं अक्षर रांगोळीच्या जातीचं, म्हणून ते कितीही मोठं केलं तरी फाटत नाही.

२. पाठीला पाठ

दोघं पाठीला पाठ लावून बसतात. एकाकडे चित्र असतं, दुसऱ्याकडे कोऱ्या चौकटी. पहिल्याने फक्त आकडे बोलायचे: किती कोऱ्या, मग किती काळ्या, मग पुन्हा किती कोऱ्या. सुरुवात नेहमी कोऱ्यापासून. ‘ग’ची पहिली ओळ होते ‘शून्य, सात’. दुसरी होते ‘दोन, एक, दोन, एक, एक’. फॅक्स मशीन पानाची एकेक ओळ साधारण याच पद्धतीने पाठवायचं, आणि तिथेही सुरुवात पांढऱ्यापासूनच व्हायची.

वर्गात गलका असणारच. एखादा आकडा चुकीचा ऐकू जातो आणि ती सगळी ओळ सरकते. लगेच दुरुस्त करू नका, थांबा. थोड्या वेळाने कुणाच्या तरी लक्षात येतं की ओळीतल्या आकड्यांची बेरीज ७ आलीच पाहिजे, नाही आली तर पुन्हा विचारायचं. संगणक चुका पकडतात त्यामागची कल्पना याच जातीची आहे, आणि ती मुलांनी स्वतः शोधलेली असते.

शेवटी एक आडवी-तिडवी ओळ द्या: काळी, कोरी, काळी, कोरी, बुद्धिबळाच्या पटासारखी. सात चौकटींसाठी आता आठ आकडे बोलावे लागतात! फाइल लहान करण्याची युक्ती प्रत्येक चित्राला लागू पडत नाही, हे समजावायला याहून सोपा रस्ता मला सापडलेला नाही.

३. नोटपॅडमध्ये चित्र काढा

ही माझी सगळ्यात आवडती तासिका. चित्र काढायचं, पण चित्र काढण्याचं सॉफ्टवेअर न उघडता.

नोटपॅड उघडा. कीबोर्ड इंग्रजीवर असू द्या, मराठी आकडे इथे चालत नाहीत. पहिल्या ओळीत इंग्रजी कॅपिटल पी आणि त्याला चिकटून आकडा १. दुसऱ्या ओळीत आडव्या आणि उभ्या चौकटींची संख्या, म्हणजे ७ आणि ७, मध्ये मोकळी जागा. त्याखाली वहीतले शून्य-एक जसेच्या तसे. सेव्ह करताना ‘सेव्ह ॲज टाइप’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडा, एन्कोडिंग ‘एएनएसआय’ ठेवा, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन पी-बी-एम ही तीन इंग्रजी अक्षरं लिहा. आता ही फाइल गिम्पमध्ये उघडा. चित्र मुंगीएवढं दिसेल, झूम करत जा, आणि वहीतलं अक्षर पडद्यावर उभं राहतं.

नाही उघडलं तर बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं: एन्कोडिंग, नावाच्या शेवटी चुकून चिकटलेलं टी-एक्स-टी, किंवा एखाद्या ओळीत कमी पडलेला आकडा. तिन्ही मुलांनाच शोधू द्या.

याच वेळी गोष्ट सांगायची ती १९५७ सालची. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल किर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा, फोटो स्कॅन करून संगणकात घातला. तो डिजिटल स्कॅन केलेला पहिला फोटो. आकार जेमतेम ५ सेंटिमीटर, चौकटी १७६ गुणिले १७६, म्हणजे ३०,९७६. एक चौकट भरायला २ सेकंद धरले तर हाताने किती वेळ लागेल, हे मुलांना काढायला लावा. सतरा तासांच्या वर जातं.

४. आकड्यांची कवायत

आता मैदानात चला. सहा मुलं एका रांगेत, प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्यावर ० ते ९ मधला आकडा. ० म्हणजे काळा, ९ म्हणजे पांढरा, मधले सगळे करडे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: मागच्या फाइलमध्ये १ म्हणजे काळा होता, इथे उलट आहे.

पहिला हुकूम, ‘उजेड वाढवा, तीनने.’ समजा आकडे २, ५, ७, ८, ९, ९ आहेत. प्रत्येकाने ३ मिळवायचे, पण ९ च्या वर जायचं नाही. रांग होते ५, ८, ९, ९, ९, ९. आता म्हणा, ‘उजेड कमी करा, तीनने.’ रांग येते २, ५, ६, ६, ६, ६. शेवटची चार मुलं गोंधळून एकमेकांकडे बघतात, कारण त्यांचे आकडे परत मिळालेले नसतात. फोटोत ब्राइटनेस फार वाढवला की आकाशातले ढग पांढऱ्यात बुडतात आणि सेव्ह केल्यावर परत येत नाहीत, ते यामुळेच. ‘मूळ फोटोची प्रत काढूनच काम करायचं’ हा नियम मला त्यानंतर फळ्यावर लिहावा लागला नाही.

दुसरा हुकूम, ‘ब्लर.’ नवी रांग: ०, ०, ०, ९, ९, ९. मध्ये काळ्या-पांढऱ्याची धारदार कड. प्रत्येकाने स्वतःचा आणि दोन्ही शेजाऱ्यांचा आकडा मिळवून तीनने भागायचं. टोकाच्या मुलांना एकच शेजारी, त्यांनी दोनने भागायचं. सगळ्यांनी जुन्या आकड्यांवरच हिशेब करायचा आणि शिट्टी वाजली की एकदमच नवा आकडा दाखवायचा, नाहीतर सगळं बिघडतं. रांग होते ०, ०, ३, ६, ९, ९. पुन्हा शिट्टी: ०, १, ३, ६, ८, ९. भिंतीची उतरंड झाली. मुद्दाम निवडलेले आकडे असल्यामुळे दोन्ही वेळा पूर्णांकच येतात. तिसऱ्या शिट्टीला अपूर्णांक सुरू होतात, तिथे थांबा.

तिसरा हुकूम, ‘कड शोधा.’ मूळ रांगेत परत या. प्रत्येकाने डावीकडच्या शेजाऱ्यापेक्षा आपला आकडा कितीने जास्त ते सांगायचं. सगळे ‘शून्य’ म्हणतात, एकटी चौथी मुलगी ‘नऊ!’ म्हणून ओरडते. गाडीची नंबरप्लेट वाचणारे किंवा फोटोत चेहरा शोधणारे प्रोग्राम कडा शोधतात त्याच्या मुळाशी ही वजाबाकी असते.

वर्ग मोठा असेल तर ३६ मुलांचा ६ गुणिले ६ चा चौकोन करता येतो, पण शेजारी मोजताना फार गोंधळ होतो. मी एका रांगेवरच थांबते.

परतल्यावर हेच आकडे नोटपॅडमध्ये घाला. या वेळी पहिल्या ओळीत पी आणि २, मग आडव्या-उभ्या चौकटी, मग स्वतंत्र ओळीत ९, मग आकडे. नावाच्या शेवटी पी-जी-एम. गिम्पमध्ये करड्या छटा दिसतील. आता फिल्टर्स मेनूतला गॉशियन ब्लर लावून दाखवा. तिथे जवळच्या शेजाऱ्याला जास्त मान आणि लांबच्याला कमी असतो, एवढाच फरक.

५. रंगांचा अंधार

खिडक्या लावा, वर्ग काळोखा करा. तीन बॅटऱ्यांना तीन रंगांचा जिलेटिन दुहेरी घडी करून रबराने बांधा आणि पांढऱ्या भिंतीवर एकावर एक प्रकाश पाडा. लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो तेव्हा चित्रकलेच्या तासाला हेच रंग कालवून चिखल पाहिलेली मुलं विश्वास ठेवत नाहीत. निळ्या जिलेटिनमधून उजेड फार कमी येतो, म्हणून ती बॅटरी भिंतीजवळ न्या, नाहीतर तिघांचा पांढरा होत नाही, पिवळसरच राहतो.

मग फोनच्या पडद्यावर पांढरं पान उघडून बोटाच्या टोकाने पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगाचं काम करतो आणि पांढऱ्यात लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात. फोन शिक्षकाचाच घ्यावा. गिम्पच्या रंगपेटीत लाल २५५, हिरवा २५५, निळा ० टाकून भिंतीवरचा तोच पिवळा पडद्यावर आणा. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, तीन रंग, म्हणजे एकूण किती रंग? १,६७,७७,२१६. गुणाकार कागदावर करायला लावा.

६. थर

याला अर्धी तासिका पुरते. एका पारदर्शक शीटवर डोंगर, दुसरीवर झाड, तिसरीवर पोरगं. शीट वर-खाली केल्या की पोरगं झाडामागे जातं, पुढे येतं. एक शीट काढून टाकली तरी बाकीचं चित्र शाबूत. मग गिम्पमध्ये लेयर्सचं पॅनेल उघडा, फार सांगावं लागत नाही. लेयर्स टिकवायचे तर गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलमध्ये सेव्ह करायचं आणि दुसऱ्याला पाठवायला जेपेग किंवा पीएनजी एक्सपोर्ट करायचं, हे मात्र लिहून द्या.

७. घरातला जुना फोटो

शेवटच्या दोन तासिका यासाठी राखा. प्रत्येक गटाने घरातला एक जुना, डाग पडलेला किंवा घडी मोडलेला फोटो निवडायचा. मूळ फोटो शाळेत आणायचा नाही. घरीच खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, फोन बरोबर वर धरून त्याचा फोटो काढायचा. त्याआधी कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करायचं आणि घरच्यांना विचारायचं.

गिम्पमध्ये आधी प्रत काढून क्रॉप, मग कलर्स मेनूतलं लेव्हल्स. विटलेल्या फोटोत सगळे आकडे मध्ये गोळा झालेले असतात, लेव्हल्स त्यांना ० ते २५५ पर्यंत पसरवतं. कवायत आठवत असेल तर मुलं स्वतःच म्हणतात, ‘टीचर, फार ताणू नका, नऊच्या वर जाईल.’ मग एका जागेची नक्कल दुसरीकडे उमटवणारं क्लोन टूल: कंट्रोल दाबून चांगल्या जागेवर क्लिक करायचं आणि ओरखड्यावर हलक्या हाताने फिरवायचं. भिंत, आभाळ, साडीचा सलग भाग इथे ते छान जमतं.

चेहऱ्याला हात लावायचा नाही, असा नियम मी करते आणि त्यावर एक पूर्ण चर्चा होऊ देते. पणजीच्या गालावरचा डाग कागदाचा आहे की तिचाच तीळ आहे, हे संगणकाला कळत नाही. ते घरी आजीला विचारून यावं लागतं. मुलं विचारून येतात, आणि बरोबर फोटो कुठल्या साली, कुठल्या गावात काढला, मागे उभा असलेला माणूस कोण, हेही लिहून आणतात. मूळ आणि दुरुस्त फोटो शेजारीशेजारी छापून, खाली ती माहिती आणि ‘यात काय काय बदललं’ याची दोन ओळींची नोंद, असं एकेक पान शाळेच्या हस्तलिखितात लावा.